गिरजेची हाक

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. माझी दुसरी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऐंशीच्या दशकात इलेक्ट्रिक गिटारवर गाजलेलं ‘गिरजे वं, घराकडे ये’ हे गाणं माझं, आणि मुंबईच्या कॅसेट कंपनीनं ते ढापलं — हे मी तुमसरच्या बाजारात चाळीस वर्षं ओरडून सांगतोय. ऑर्केस्ट्रा माझा, गिटारवाला मी नागपूरहून भांडून आणलेला, अन् कॅसेटवर नाव त्यांच्या संगीतकाराचं! आजही कानशिलं तापतात.

गेल्या महिन्यात मोबाइलवर चॅनेल चालवणारी पोरं आली. गाण्यामागची खरी कहाणी सांगा म्हणाली. मी कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. पोरं खूश होऊन गेली. मी मात्र बसून राहिलो — खरी कहाणी? ती मी कुठे सांगितली?

सिहोऱ्याकडच्या एका तलावात एक मुलगी बुडाली होती. कोणी बुडालं की आमच्या भागातले मासेमार ढिवर डोंगे घेऊन उतरतात. डोंग्याच्या काठावर बांबू ठोकत, बुडालेल्याच्या नावानं हाक देतात. हाकेनं माणूस वर येतो, असं मानतात. सापडलं की हाक बंद — त्या नावानं ती पुन्हा कधीच द्यायची नाही. त्या दिवशी डोंग्यात मुलीचा बापच होता, डोमाजी — ‘गिरजे वं, घराकडे ये!’ अशी हाक देत. काठावर सारं गाव रडत होतं. आणि मी — मी मांडीवर ताल धरला होता. काय म्हणाल अशा माणसाला?

गिरजा सापडली. हाक थांबली. मी ती पुन्हा सुरू केली — चिखल्याच्या खाण-कॉलनीत, गणपतीत, ड्रम आणि गिटारवर. माणसं खुर्च्यांवर चढून नाचली. ‘गिरजे’ आलं की सगळे एका आवाजात ओरडायचे.

मग डोमाजी माझ्या दारात आला.

“गानं वाजव ना भाऊ, तुले कोन अडवते? पर नाव बदलव. हाक मारली का ते उठते. निजू दे पोरीले.”

मी सौदेबाज माणूस. म्हणालो, “काका, गिरजा का दुनियेत तुमचीच एकटी हाये का? तालात बसनारं दुसरं नाव आना, बदलवतो.”

वाटलं, जाईल. तो पायरीवर बसला. बोटानं फरशीवर ताल धरून, एकेक नाव पुटपुटून पाहू लागला — मेलेल्या पोरीचा बाप! शेवटी म्हणाला, “तुळशे वं, घराकडे ये. बसते ना भाऊ?”

बसत होतं. अगदी बरोबर बसत होतं. मी शब्द दिला. त्यानं हात जोडले.

आणि रेकॉर्डिंगला मी ‘गिरजे’च ठेवलं. लोक त्या नावावर ओरडत होते — तुळशीवर कोण ओरडणार? कंपनीनं माझं नाव खाल्लं म्हणून मी आयुष्यभर थयथयाट केला. कोणत्या तोंडानं?

माझ्या मुलीच्या लग्नात डोमाजीची बायको जेवायला बसली होती. बँडनं तेच गाणं धरलं. ती ताटावरून उठली, हात न धुताच मांडवाबाहेर गेली. मी पाहिलं. बँडवाल्यानंही पाहिलं, वाजवणं थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी हात वर करून सांगितलं — वाजव.