डायरेक्ट आणि अकरा गाणी

डायरेक्ट कधी मोजून सुरुवात करत नसे. बाकीचे ड्रमर काठीवर काठी आपटून चार आकडे म्हणतात, मग वाजवतात. हा थेट पहिला ठोका द्यायचा. इतरांनी त्याला गाठायचं. नाव त्यावरूनच पडलं. तक्रार केली की म्हणायचा, "हलदीला कोन मोजतं रं? नवरी पलून जाईल!"

तो हळदीच्या मांडवातच शिकला होता, काकाच्या बेंजो पार्टीत. 'डेब्रिज' या आमच्या पंक बँडमधले बाकी तिघे वाशी-नेरूळच्या फ्लॅटमधले. मी बास गिटार वाजवायचो. डायरेक्ट उलव्याजवळच्या खाडीकाठच्या गावातला. सराव त्याच्याच घरी, भात साठवायच्या खोलीत होई. आमच्या इमारतींत पहिल्याच गाण्याला वॉचमन वर येत असे.

रेकॉर्ड करताना एकदा वाजवलेलं पुन्हा वाजवायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम. गाव विमानतळासाठी उठणार हे ठरलं, तेव्हा घर रिकामं करण्याआधीच्या दोन दिवसांत आम्ही अकरा गाणी रेकॉर्ड केली. शेवटी सगळी ऐकताना गाणारा म्हणाला, "चौथं फुकट गेलंय. परत घेऊ."

"झाला तो झाला," डायरेक्ट म्हणाला.

आवाज चढले. गाणारा आणि गिटारवाला निघून गेले. बँड त्या संध्याकाळी संपला. पुढच्या आठवड्यात घरही पाडलं गेलं.

रेकॉर्डिंग माझ्याकडे राहिलं. यंदा एका लहान कंपनीने ती गाणी काढायची तयारी दाखवली. बाकी दोघांनी फोनवर होकार दिला. डायरेक्टशी इतक्या वर्षांत कुणीच बोललं नव्हतं, आणि त्याच्या संमतीशिवाय गाणी निघणार नव्हती. मी स्टुडिओत गाण्यांतले बाहेरचे सगळे आवाज पुसून घेतले आणि उलव्याला गेलो.

तो चौथ्या मजल्यावर राहतो. केस पांढरे झाले आहेत. भिंतीवर आईच्या फोटोला हार होता. "मोठा पत्रकार झालास ना? पेपरात नाव वाचतो तुजं." एवढंच बोलून त्याने हेडफोन लावला. तीन गाणी मान हलवत ऐकली. चौथ्याला थांबला, मागे गेला, पुन्हा ऐकलं.

"आय कुठं हाय?"

मला आठवायला वेळ लागला. गाण्याच्या मध्यावर त्याच्या आईने दाराबाहेरून हाक मारली होती. त्याच हाकेमुळे गाणाऱ्याला ते पुन्हा घ्यायचं होतं. माझ्या सूचनेवरून स्टुडिओने ती पुसली होती.

"आवाज स्वच्छ करून घेतला," मी म्हणालो.

"तिचा दुसरा आवाज नाय माझ्याकडं." त्याने हेडफोन टेबलावर ठेवला. "ही गानी तुमीच ठेवा."

मूळ फाइल लॅपटॉपवर होती. ती शोधून लावली. गिटारच्या गोंगाटातून बाई स्पष्ट ऐकू आली: "अरं, भाकऱ्या गार झाल्या! या की जेवाला, मेल्यांनो!"

तो हसला.

"हे असंच काढ. मंग माझी ना नाय."

अकराही गाणी तशीच निघाली, कसलीही सफाई न करता. निघाली त्या दिवशी मी पुन्हा उलव्याला गेलो. एकदा चौघे मिळून वाजवू या, असं विचारलं.

"ड्रम कुठं लावू? आता मीबी सोसायटीवाला," तो म्हणाला. मग मोबाइलवर चौथं गाणं लावलं आणि हाक संपताच बंद केलं.

"पुढचं ऐक की," मी म्हणालो.

"पुढं नुसतं आपुन हाव. आपलं काय, आपुन अजून हाव."