अण्णांच्या हॉलमधले बावीस डिग्री

हिवाळ्यात आमच्या कॉलनीत दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक शेकोटीच्या राखेचा, दुसरा अण्णांच्या किश्श्यांचा. राख घंटागाडीवाला कुरकुरत का होईना, घेऊन जातो. किस्से घ्यायला तो तयार नाही. ओला कचरा की सुका, हे त्याला ठरवता येत नाही म्हणे. म्हणून ते मी इथे टाकतो आहे.

हिंगोलीत कळमनुरी रोडला एका रिकाम्या प्लॉटवर आमची शेकोटी असते. आम्ही बहुतेक सगळे निवृत्त, त्यामुळे सकाळी सातला न चुकता हजर. नोकरीत असताना ऑफिसला अकराला जायचो. शेकोटीचा नियम एकच. प्रत्येकाने एक लाकूड आणायचं. रिकाम्या हाताने येईल त्याने धुराच्या बाजूला बसायचं.

अण्णा ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. लाकूड विकत आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते कायम धुरात बसतात आणि रोज डोळे पुसत घरी जातात. कॉलनीतल्या नव्या भाडेकरूंचा समज झाला, की या गृहस्थांच्या नात्यात रोज कोणीतरी वारतं.

*

अण्णांनी जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. चकचकीत फरशी, भिंतभर खिडक्या, पुण्याच्या मुलाच्या हट्टाने हॉलमध्येच उघडं स्वयंपाकघर. "उन्हाळ्यात गार राहतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पहिल्या हिवाळ्यात कळलं, की घर याबाबतीत ऋतू बघत नाही.

थंडीने अण्णांच्या बायकोचे, कमलवहिनींचे गुडघे धरले. मुलाने भिंतीवरचं एक घड्याळ पाठवलं. त्यात वेळेखाली घरातलं तापमान दिसायचं. रोज सकाळी सतरा. दिवाळीनंतर एकदा वहिनींनी शेकोटीपाशी येऊन आमच्या देखत अण्णांना नोटीस दिली.

"संक्रांतीपर्यंत त्या घड्याळात बावीस दिसू द्या. न्हाई दिसले तर मी माहेरी चालले, डोंगरकड्याला भावाकडं. त्याचं घर मातीचं हाय. मंग उन्हाळ्यात या मला बोलवायला."

अण्णांना चहासुद्धा करता येत नाही. तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

*

अण्णांनी हीटर आणला. पहिल्या सकाळी हीटर आत लागला आणि अण्णा बाहेर, व्हरांड्यातल्या मीटरपाशी. मीटरचा लाल दिवा किती भराभर लुकलुकतो, हे ते मफलर गुंडाळून बघत उभे राहिले. दर दहा मिनिटांनी खिडकीतून विचारायचे, "किती झालं?" आतून उत्तर यायचं, "अठरा."

तासाभराने आत एकोणीस झालं आणि बाहेर अण्णांना शिंका सुरू झाल्या. हीटर खोक्यात गेला, अण्णा अंथरुणात. डॉक्टरची फी आणि औषधं यांच्या पैशात हीटर महिनाभर चालला असता. पण हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. आजारी माणसाला धक्का देऊ नये.

*

मग राठोडने सल्ला दिला. राठोड निवृत्त कंडक्टर, मूळचा तांड्यावरचा. त्याचा भाऊ थंडीत घराच्या उत्तरेच्या भिंतीला सोयाबीनच्या कुटाराची पोती रचतो, वारा आत शिरत नाही. कुटार म्हणजे मळणीनंतरचं भुसकट. ते फुकट मिळतं, एवढंच अण्णांना ऐकू आलं. त्यांनी टेम्पोभर पोती आणून मागच्या भिंतीला स्लॅबपर्यंत रचली.

तिसऱ्या दिवशी रास निम्मी झाली. चौथ्या दिवशी शेजारच्या गवळ्याची म्हैस उरलेल्या राशीवर शांतपणे रवंथ करताना सापडली. अण्णांनी राठोडला जाब विचारला.

राठोड म्हणाला, "तांड्यावर बी म्हशी हायत अण्णा. पर आमी त्या बांधून ठेवतो."

घड्याळात सतराच होते. दूध मात्र त्या आठवड्यात घट्ट आलं, असं वहिनी म्हणाल्या.

*

शेगडीचा प्रयोग थोडक्यात सांगतो. अण्णांनी हॉलमध्ये कोळशाची शेगडी पेटवली. बंद घरात कोळसा पेटवला तर माणसं झोपेतच जातात, हे वहिनींना ठाऊक होतं. त्यांनी भिंतभर खिडक्या सताड उघडल्या, दारही उघडलं.

घड्याळ पंधरावर आलं. शेगडी पेटवून घर थंड करून दाखवणारा हा जिल्ह्यातला पहिलाच ओव्हरसियर असावा.

*

आमच्यात रऊफभाई आहेत. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा त्यांचा पिढीजात धंदा. ते रोज एकच सांगायचे, "अण्णा, घर गरम करके क्या करते? एक रजई भरून घ्या, माणूस गरम करा."

अण्णांनी शेवटी रजई भरून घेतली. आम्हाला वाटलं, वहिनींसाठी. एका सकाळी वहिनी अंगणात असताना अण्णांनी ते घड्याळ उतरवलं, रजईत घेऊन अर्धा तास पोटाशी धरून बसले आणि परत टांगलं. सव्वीस!

वहिनी आत आल्या. घड्याळाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं.

"सव्वीस? मंग स्वेटर काढा की. उकडत असंल."

अण्णांनी स्वेटर काढलं. वहिनींनी मफलरही मागून घेतला आणि समोर खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसल्या. घड्याळ सावकाश उतरत सतरावर आलं. अण्णांचे दात त्याच्या बरेच आधी वाजायला लागले होते.

*

संक्रांतीच्या सकाळी डोंगरकड्याहून वहिनींचा भाऊ नामदेव गाडी घेऊन आला. बॅग दाराशी तयार होती. अण्णा शेकोटीपाशी आले, पण धुरात बसले नाहीत. उभेच राहिले.

"जरा घरी चला सगळे. हिला समजवा," म्हणाले.

अण्णांनी कुणाला घरी बोलावलं, असं आमच्या स्मरणात नाही. अकराच्या अकरा जण उठलो.

हॉलमध्ये शिरलो. वारा येतो म्हणून राठोडने दार लावलं आणि सवयीने "पुढं सरका, पुढं सरका" करत सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं. निघायच्या घाईत असल्या तरी सणाच्या दिवशी आलेल्यांना तसंच पाठवणं वहिनींना जमेना. मोठं पातेलं चढलं. तिळगूळ झाला, चहा झाला, बोलण्याच्या भरात दुसरा चहा झाला. हळदीच्या भावावरून राठोड आणि नामदेव यांचं जुंपलं. तासभर गेला. समजवायचं होतं, ते कुणालाच आठवलं नाही.

नामदेवच मधे थांबला. "ताई, बावीस."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. घड्याळात बावीस होते.

अण्णा उठून उभे राहिले. काल खिडक्यांना थर्मोकोल चिकटवलं त्याचा हा परिणाम, हे त्यांनी आम्हाला तपशीलवार समजावून सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. मग दाराशी जाऊन बॅग उचलली आणि आतल्या खोलीत ठेवून आल्या.

"तू जा रे नामदेव. शब्द म्हंजे शब्द."

काम झालं म्हणून आम्ही उठलो आणि चपला शोधायला लागलो. वहिनींनी तिसऱ्यांदा पातेलं चढवलं.

"तुमी काहून उठून राहिले? बसा खाली. राठोडभाऊ, ते दार लावा."

आम्ही बसलो.

"अन् उद्यापासून सातला इकडंच या सगळे. लाकूड आणू नका."

अण्णांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा आम्हा अकरा जणांकडे, आणि मग बराच वेळ साखरेच्या डब्याकडे.