चांगुणाची टपालवही

चांगुणाचा डावा हात पाहिला की नवा माणूस आधी नजर वळवतो आणि मग चोरून पुन्हा पाहतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तिला कुष्ठरोग झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या वर्षभर घेऊन तो पुरता बरा झाला, आणि तसा दाखला तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्यानंतर अकरा वर्षं तिनं ह्याच हातानं वस्तीवरच्या शाळेत खिचडी शिजवली. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, पोरं म्हाताऱ्यांपाशी राहतात, आणि शाळेतलं दुपारचं ताट हेच त्यांचं धड जेवण असतं. अकरा वर्षांत त्या ताटानं कुणाचं पोट दुखलं नाही. वाढण्याआधी गुरुजी रोज घास खाऊन बघत आणि चव रजिस्टरमध्ये 'उत्तम' लिहून सही करत.

मग काकासाहेब शाळा समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांना एकाएकी स्वच्छतेचा पुळका आला. त्यांच्या चुलतभावाच्या सुनेला शाळेत काम हवं होतं, एवढंच त्या पुळक्याचं मूळ. जून २०२४ मध्ये शाळा उघडली त्याच दिवशी ते स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"चांगुणा, उद्यापासनं येऊ नको. लोकान्ला तुझ्या हातचं चालत न्हाई."

"कोन्त्या लोकान्ला?"

"लोकान्ला म्हंजी लोकान्ला."

गुरुजी शेजारीच होते. अकरा वर्षं 'उत्तम' लिहिणाऱ्या त्या सद्गृहस्थांनी रजिस्टर मिटून काखेत धरलं आणि वर्गाकडे चालू लागले. लेखी काही कुणी दिलं नाही. सुनेची नेमणूक तात्पुरती होती. दोन वर्षं निघाली की ती कायमची धरू, असं काकासाहेब पारावर सांगत होते. म्हणजे चांगुणाला तिची शेगडी परत हवी असेल तर हातात दोन वर्षं होती.

ती जीप धरून तालुक्याला गेली. तहसीलच्या फाटकाशी महमूदभाई अर्ज लिहून देतात. त्यांनी दाखला वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितलं, "बऱ्या झालेल्या माणसाला त्या रोगापायी कामावरनं काढणं हा भेदभाव हाय. कायद्यानं बंदी हाय त्याला. तक्रार आली की दोन आठवड्यांत चौकशी करावी लागती."

"मंग करत्याल?"

"करावी लागती म्हनलं, चांगुणाबाई. करत्याल असं कुठं म्हनलं?"

जुलैमध्ये अर्ज पंचायत समितीत शिक्षण विभागाच्या कारकुनाच्या, वाल्मिक भाऊसाहेबांच्या टेबलावर पडला. भाऊसाहेब गबाळे किंवा आळशी दिसत नसत. टेबल लख्ख, पेन तीन रंगांची, सुपारी कातरायचा अडकित्ता पितळी. त्यांची कामाची एकच पद्धत होती: आलेला कागद दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवायचा. एकसष्ट दिवस अर्ज मुरल्यावर त्यांनी त्यावर 'मुख्याध्यापकांकडून स्वयंस्पष्ट अहवाल मागवावा' असं लिहिलं. मुख्याध्यापक म्हणजे गुरुजीच. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनाच विचारायचं की तुम्ही अन्याय केला का.

"शिपाई रजेवर आहे," ते म्हणाले. "मावशी, तुम्ही त्याच वस्तीच्या ना? मग जाता जाता हा लखोटा गुरुजींना देऊन टाका."

चांगुणानं लखोट्याकडे पाहिलं. अकरा वर्षं खिचडीबरोबर शाळेचं टपालही तिनंच वाहिलं होतं. ह्याच गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: सही, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय कागद हातचा सोडायचा नाही. ती बाहेर गेली, दुकानातून एक लहान वही घेऊन आली आणि भाऊसाहेबांपुढे ठेवली.

"लखोटा दिल्याची सही करा तेवढी. तारखेसकट."

भाऊसाहेबांनी न बघता सही ठोकली. न बघता सही करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

तेव्हापासून चांगुणा आपलीच तक्रार पिशवीत घालून हिंडू लागली. गुरुजींनी लखोटा घेऊन तीन महिने कपाटात ठेवला. त्यांचा अहवाल तिनंच तालुक्याला नेला. तिथं समितीचा ठराव जोडला नाही म्हणून तो परत आला, तोही तिच्याच हातानं. ठराव काकासाहेबांकडे होता आणि काकासाहेबांना सवड नव्हती. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, एसटीवरच्या पाट्या बदलल्या, कचेरीतले शिक्के नवे झाले. चांगुणाचा अर्ज होता तिथंच राहिला. अकरा मार्चला ठरावासकट अहवाल तिनं भाऊसाहेबांच्या हातात दिला आणि सही घेतली. पुढचे चार महिने भाऊसाहेब मान वर न करता सांगत राहिले, "प्रक्रियेत आहे, मावशी."

एकदा जीपमध्ये काकासाहेबच भेटले. "काय चांगुणा, कचेरीत नोकरीला लागलीस व्हय? शिपाईन?"

"व्हय. तुमी रिकामं केलं म्हून."

जुलैमध्ये ती पुन्हा महमूदभाईंच्या टेबलाशी गेली. सगळं ऐकून त्यांना हसू आवरेना. "आपल्याच तक्रारीची पोस्टमन! हे मी पण पहिल्यांदाच बघितलं, बाई."

"ही वही बघा जरा."

महमूदभाईंनी पानं उलटली आणि त्यांचं हसणं थांबलं. कुणाच्या टेबलावर कागद कधी आला, कधी गेला, सगळं सही-शिक्क्यासह होतं. त्यांनी दिवस मोजले. एकसष्ट दिवस. नव्वद. एकशे वीस आणि अजून चालूच.

"दप्तर दिरंगाईचा कायदा हाय," ते म्हणाले. "एका टेबलावर सात दिवसांपेक्षा फाईल ठेवता येत न्हाई. पण कागद कुठं किती पडला हे सिद्ध करायला लोकांची हयात जाती. तुमाला तर कचेरीनंच पुरावा गोळा करून दिला." त्यांनी कोरा कागद ओढला. तालुक्याच्या लोकशाही दिनात हा अर्ज दिला, तिथं नेहमीप्रमाणे काहीच झालं नाही, म्हणून पुढचा नगरला, जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, जिल्हाधिकाऱ्यांपुढे.

नगरच्या त्या दालनात गटशिक्षणाधिकाऱ्यांनी उभं राहून शांतपणे सांगितलं, "सर, शाळेचा अहवाल अप्राप्त आहे. प्राप्त होताच कार्यवाही करू."

"आलाय की," चांगुणा म्हणाली आणि वही टेबलावर ठेवली. "अकरा मार्चला. ही भाऊसाहेबांची सही, हा शिक्का. म्याच दिला."

जिल्हाधिकाऱ्यांनी वही हातात घेतली. "तुम्ही कशा दिलात?"

"कचेरीचा शिपाई रजेवर हुता, साहेब. वरीसभर."

मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. जिल्हाधिकारी हसले नाहीत. शेवटच्या पानापर्यंत बघून ते म्हणाले, "सात दिवसांत निर्णय. आणि प्रत्येक सहीच्या धन्याकडून खुलासा."

वर्षभरात जे होत नव्हतं ते सहाव्या दिवशी झालं. चांगुणाला कामावर परत घेण्याचा आदेश टाईप होऊन, सही होऊन तयार. भाऊसाहेबांचा खुलासा मात्र अजून प्रक्रियेत आहे. तो कागद त्यांच्याच टेबलावरून जायचा असतो.

आदेश घ्यायला गेली तर भाऊसाहेबांनी सवयीनं लखोटा पुढे केला. "घ्या मावशी, जाता जाता गुरुजींना देऊन टाका."

चांगुणानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "वही भरली, भाऊसाहेब. आता तुमी या."

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवरून धूळ खात वस्तीवर आले. काकासाहेबांना नेमकं शिर्डीला जायचं होतं. सुनेनं किल्ली आधीच ओट्यावर ठेवली होती. चांगुणानं पातेलं घासलं, खिचडी टाकली आणि पोरं ताटं घेऊन ओळीनं बसली.

गुरुजींनी रजिस्टर आणलं आणि भाऊसाहेबांपुढे सरकवलं. "तुम्ही पाहुणे. आज चव तुम्हीच घ्या." सत्तावन्न वर्षांचा तो माणूस अजूनही दुसऱ्याच्या आड उभा राहत होता.

चांगुणानं वाटीत खिचडी काढली आणि डाव्या हातानं पुढे धरली. भाऊसाहेबांनी त्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या पोरांकडे. कागद असता तर त्यांनी तो कुणाकडे तरी पाठवला असता. वाटी पाठवायला कुणी नव्हतं. त्यांनी घास घेतला. थोडा थांबून दुसरा घेतला, तो पहिल्यापेक्षा मोठा होता. मग 'उत्तम' लिहून सही केली आणि पेन खिशाला लावलं.

चांगुणानं रजिस्टर फिरवून पाहिलं आणि बोट ठेवून त्यांच्याकडे परत सरकवलं.

"तारीख ऱ्हायली, भाऊसाहेब."