हातगुण की औषध

अर्धशिशी मला चौदाव्या वर्षापासून होती. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. आधी डोळ्यांपुढे एक चकाकती रेघ यायची, किल्ल्याच्या तटाच्या माथ्यासारखी दातेरी. ती सरकत सरकत कडेला जाऊन विझली, की डावीकडचं अर्धं डोकं ठणकायला लागायचं. मग ओकाऱ्या. उजेड सोसायचा नाही, कुणाची पावलंही सोसायची नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे उतार पडे.

मी रत्नागिरीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी यजमान गेले, तेव्हापासून आईजवळच राहत होते. आईने करायचं ते सगळं करून पाहिलं. सुंठेचा लेप, सूर्योदयाआधी दूध-जिलबी, नाकात तूप. लांज्याकडच्या एका म्हाताऱ्याकडून कानशिलावर डागही देववला. डागाची खूण राहिली आणि दुखणंही राहिलं. आमच्या मुख्याध्यापिका एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाई, तपासणी आली की तुमचं डोकं बरं दुखतं!" ते बोलणं मला फार लागलं.

मी चौतीस वर्षांची असताना गावात एक डॉक्टर परत आले. गावातलेच. मुंबईच्या इस्पितळात मज्जातंतूंच्या रोगांचं काम करत होते, पण वडील अंथरुणाला खिळले म्हणून इकडे आले. दवाखान्यात ताप-खोकला बघत. जीव मात्र डोकेदुखीत अडकलेला. बोटीने येणारी परदेशी मासिकं ते रोगी नसला की वाचत बसत.

त्यांना मी त्या रेघेबद्दल सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. लोक म्हणाले असते, हिच्या अंगात येतं. डॉक्टरांनी कागद पुढे केला. "काढून दाखवा." मी काढली.

"बाई, अगदी अशीच रेघ विलायतेतल्या रोग्यांनी काढलेली मी पुस्तकात पाहिली आहे."

मला तिथेच रडू फुटलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला ते खरं वाटलं होतं.

त्यांनी मला एक वही करायला सांगितली. कधी दुखलं, किती वेळ, आदल्या दिवशी काय खाल्लं, झोप किती झाली. चार महिन्यांनी म्हणाले, "एक नवं औषध आहे, धान्यावरच्या बुरशीपासून काढलेलं. सुई टोचून द्यावं लागतं. जास्त झालं तर बोटं बधिर होतात. विचार करून सांगा." विचार कसला करायचा? मी लगेच हो म्हटलं. आईने एवढंच बजावलं, "मी शेजारी बसणार."

एका रविवारी सकाळी रेघ दिसली. शेजारणीने निरोप नेला, डॉक्टर आले. सुई दिली आणि कानशिलाच्या शिरेवर बोट ठेवून घड्याळ बघत बसले. तासाभरात दुखणं ओहोटीच्या पाण्यासारखं मागे सरलं. मी उठून चहा केला! आईने देवापुढे नारळ फोडला आणि आळीभर सांगत सुटली, "हातगुण आहे हो डॉक्टरांचा!"

दुसऱ्या खेपेला तशीच सुई दिली. अर्धा तास हलकं वाटलं आणि मग असं उसळलं की मी भिंतीवर डोकं आपटायला लागले. डॉक्टर माझ्याकडे बघेनात. तीन तासांनी त्यांनी दुसरी सुई दिली, आणि तिने उतार पडला. मी सावरून बसल्यावर ते म्हणाले, "मघाची सुई पाण्याची होती. उकळलेलं मिठाचं पाणी."

"म्हणजे तीन तास मी उगाच..."

"आई म्हणतात हातगुण. हातगुण की औषध, हे मला कळायला हवं होतं. आधी सांगितलं असतं तर—"

"तर काय? विचारलंत का मला? माझी रेघ खरी मानलीत, मग एवढा विश्वास का नाही टाकलात?"

आईने सुनावलं, "आता पुन्हा येऊ नका हो."

महिनाभर ते आले नाहीत, मीही बोलावलं नाही. दोन वेळा पूर्वीसारखंच सोसलं. मग एका संध्याकाळी ते अंगणात येऊन उभे राहिले. बसले नाहीत. "चुकलं माझं," म्हणाले आणि निघाले.

मीच थांबवलं त्यांना. महिनाभर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. म्हटलं, "मध्येच कधीतरी पाणी देणार, हे आधी सांगून ठेवा, कधी ते सांगू नका. आणि तुम्हालाही कळता कामा नये. त्या दिवशी तुमचा चेहराच बोलत होता. तुमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरना कुप्यांवर खुणा करू द्या, कुठलीत काय ते त्यांनाच ठाऊक. मात्र दोन तासांत उतार पडला नाही, तर खरी सुई द्यायची."

ते मागे फिरून ओट्यावर टेकले. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"पंधरा वर्षं पेपर तपासते आहे. नाव दिसलं की मार्क हलतात."

त्यानंतर वर्षभर आम्ही तसंच केलं. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून औषध आधीच मागवून ठेवलं. पूर्णगडच्या एका खलाशाची अर्धशिशीने त्रासलेली बायकोही त्यात आली. डॉक्टर तिला सगळं समजावून विचारायला लागले, तर ती हसत सुटली. "आजवर कोणी विचारलंच नाय मला, काय करू म्हणून!"

शेवटी कंपाउंडरच्या खुणा वहीशी ताडून पाहिल्या, तर माझ्यापुरतं तरी ते औषधच होतं, हातगुण नव्हे. रेघ दिसताच घेतलं तर गुण यायचा. उशीर झाला तर कमी आणि सावकाश. पूर्णगडच्या बाईला फारसा फरक पडला नाही. थंडीत माझी बोटं पांढरी पडली, हातातून खडू निसटू लागला. डॉक्टरांनी त्याच दिवशी सुई बंद केली आणि दोन महिन्यांनी अगदी थोड्या मात्रेवर पुन्हा सुरू केली. त्यांनी हे सगळं लिहून मुंबईच्या एका मासिकाला पाठवलं, फसलेलंही, पहिल्या पाण्याच्या सुईसकट. लेख परत आला. रोगी फार थोडे, असा शेरा होता.

"खरंच आहे त्यांचं," डॉक्टर म्हणाले आणि बाहेर डोकं धरून बसलेल्या संगमेश्वरच्या एका बाईंना त्यांनी आत बोलावलं.