कडक स्प्रिंगा

वडील लष्करी लिलावातल्या मोटरसायकलवर उमरेडहून नागपूरला हातमागाच्या साड्या आणत. गठ्ठा टाकीवर बांधत, त्यानं पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगा दबून बसल्या. त्यांनी मुंबईहून जास्त कडक मागवल्या. पार्सल आलं ते त्यांच्या तेरवीनंतर.

शेजारच्या मिस्त्रीनं आणि मी वरचे नट खोलून जुन्या स्प्रिंगा उपसल्या. त्या नव्यांपेक्षा दोन बोटं आखूड भरल्या. नव्या घातल्या, तेल ओतलं.

"बसून पाह्य गा," मिस्त्री म्हणाला.

मी बसलो. गाडी दबली नाही. टाकीवर गठ्ठा ठेवला, तरी नाही.

"तुह्या बापाच्या वजनाच्या आहेत ह्या. जुन्या परत टाकू काय?"

मी नको म्हटलं.

पुढे साड्या मीच आणू लागलो. उमरेड रस्त्याचा प्रत्येक खड्डा मनगटांत बसायचा. बाकी कुठे काही जाणवत नव्हतं.