खडूच्या दोन रेघा

बावीस वर्षं तो वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर ब्रेकचं काम करत होता. खिशात कायम पांढरा खडू. म्हणून सगळे त्याला खडू म्हणत. तेच काम पुन्हा करायला लावलं की पुढे 'स' जोडत.

आम्ही दोघं निवृत्त झालो आणि त्याच्या दाजींनी जुनी गाडी नव्याने उभी करायला घेतली. रंग झाला, गाद्या झाल्या. त्याची ताई मात्र गाडीत बसेना. "ती थांबते हे बघितल्याशिवाय मी आत पाय ठेवणार नाही."

दाजी लालभडक डिस्क ब्रेकचं खोकं घेऊन आले. खडूने त्यातला एक चाकाला लावून पाहिला.

"मावत नाही."

"मग चाकं बदलू."

"मग गाडीच बदला की, दाजी."

त्याने जुने ड्रम ब्रेकच ठेवले. लायनिंग नवं, नळ्या नव्या. मुख्य सिलिंडर तेवढा दोन कप्प्यांचा घेतला; एक नळी फुटली तरी दोन चाकं धरतात. मग ड्रमला आतून खडू फासायचा, ब्रेकशू टेकवून फिरवायचा, काढून बघायचा. जिथे पांढरं उमटलं तेवढाच टेकतो. तेवढं घासायचं, पुन्हा खडू. आठ शू, तीन दिवस. मी एकदाच "चालेल" म्हणालो. त्याने असं पाहिलं की मी मुकाट्याने कानस उचलली.

चौथ्या दिवशी खडू पुसून सगळं बसवलं. मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने दोन रेघा ओढल्या. पहिलीवर ब्रेक दाबायचा, दुसरीच्या आत थांबायचं. दुसरीवर दाजींचं खोकं ठेवलं, भरलेलं.

"अरे, ते कशाला?"

"थांबायची आठवण राहावी म्हणून."

दाजी तीनदा गेले. तिन्ही वेळा पहिल्या रेघेच्या कितीतरी अलीकडेच कचरून थांबले.

"तुमचा सगळा जीव त्या खोक्यात," ताई म्हणाली. "उतरा."

आम्ही बघतोय तोवर पाय न ठेवणारी बाई गिअर टाकून निघालीसुद्धा. पहिल्या रेघेपर्यंत वेग कमी केला नाही. तिथे दाबला. गाडी नाकासमोर सरळ थांबली.

खडू वाकला. बंपर आणि खोक्याच्या मधे बोटं घालून मोजली.

"चार. सहा यायला हवी होती."

"खडूस," ताई म्हणाली. मग पलीकडचं दार उघडलं. "अहो, बसा. खोकं मांडीवर घ्या, जाता जाता दुकानात परत देऊ."