तिसरं खोड

वडील गेल्यावर चुलत्यांनी वाटणी केली, तेव्हा परसातले तीन कडुलिंब तुळयांसाठी तोडून नेले. जमीन आमच्या वाट्याला आली आणि जमिनीबरोबर तिन्ही खोडं. पाच-सहा वर्षं आम्ही त्यांच्यावर गोधड्या वाळवल्या. ती काढायची वेळ आली बहिणीच्या लग्नात, कारण आष्टीतल्या त्या घराला पंगत बसवायला दुसरी जागाच नव्हती.

तिचं आधी एकदा ठरून मोडलं होतं. सुपारी फुटली त्याच आठवड्यात मुलाकडचा बैल मेला. बैल म्हातारा होता, पण त्यांनी खोड काढली ती माझ्या बहिणीची. पांढऱ्या पायाची, म्हणाले. आता राजूरचं स्थळ आलं होतं. माणसं बरी होती, पण ती गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. आईचा एकच धोशा होता, "ह्या बारीला कायबी अपशकुन व्हायला नको."

मी शाळेत मास्तर होतो, सुट्टी लागली होती, म्हणून खोडं मीच काढायला घेतली. आदल्या संध्याकाळी बुडाशी पाणी सोडायचं, सकाळी भोवतीनं खणायचं, आडवी मुळं कुऱ्हाडीनं तोडायची आणि खाली दगडाचा टेकू देऊन सब्बल लावायची. दोन खोडं चार दिवसांत निघाली. तिसऱ्याचं सोटमूळ सरळ खाली गेलं होतं. शेजारचे मारवाडी शेठ भिंतीवरून रोज चौकशी करत. सातव्या दिवशी म्हणाले, "मास्तर, जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतात. ही तर मेल्यावर बी जाईना." मला राग आला, पण हसलो.

नवव्या दिवशी ते निघालं. मागं कमरेइतका खड्डा राहिला. खड्डा भरायचा तर थोडी थोडी माती टाकून, दर थराला पाणी पाजून धुमसानं ठोकावी लागते. विहीर तळाला गेली होती आणि माझ्या तळहातांची सालं निघाली होती. मी सगळी माती एकदमच लोटली, वरून चार फेऱ्या मारल्या. आईनं सारवून घेतलं. कुणाला खड्डा सांगूनही खरा वाटला नसता.

चार दिवसांनी मुहूर्तमेढ रोवायची होती. आत्या सब्बल घेऊन जागा बघत होती. जिथं मारावी तिथं खाली मुरूम वाजायचा. शेवटी ती नेमकी त्या जागेवर आली आणि सब्बल हातभर आत गेली. "हितं बराबर जाती," ती म्हणाली, "देवानंच जागा दावली." सगळ्यांना बरं वाटलं. बोलायच्या वेळी गप्प बसायची माझी जुनी खोड आहे. मी मेढ धरून उभा राहिलो. आठवडाभर तर टिकायची आहे, असं मनाशी म्हटलं.

अक्षता पडल्या, पंगत बसली आणि वावटळ आली. मांडवाचं कापड फुगलं. मेढ सावकाश कलली, इतकी की तिला बांधलेले आंब्याचे डहाळे नवऱ्याच्या मावशीच्या पत्रावळीला टेकले. मी आणि आणखी एकानं ती उभी केली. राजूरच्या बायका मेढीकडे बघत नव्हत्या, बहिणीकडे बघत होत्या.

पुढं तिच्या सासरी म्हैस आटली, नवऱ्याला ताप आला, दोन वर्षं मूल झालं नाही. प्रत्येक वेळी मेढीचं नाव निघे. तिसऱ्या दिवाळीला ती आली, तिला न्यायला मात्र माघ आला तरी कुणी फिरकलं नाही. तेव्हा मीच तिला घेऊन राजूरला गेलो. ओसरीवर बसून सासऱ्यांना सगळं सांगितलं: खोड, खड्डा, न पाजलेलं पाणी.

ते जातीचे शेतकरी. नीट ऐकून घेतलं. "किती खोल होता खड्डा?"

"कमरेइतका."

"मंग कशी टिकंल मेढ? माझ्या गोठ्याचा खांब असाच गेल्ता." मग आत वळून म्हणाले, "सूनबाई, च्या ठेवा." एवढ्यावर ते मिटलं. इतक्या सहज मिटलं याचीच मला लाज वाटली.

निघताना बहीण वेशीपर्यंत सोडायला आली.

"दादा, मेढ कलली तव्हा तू तिथंच उभा होता."

"हो."

"त्यांना न्हाई तर न्हाई, मला तरी सांगायचं. तीन वर्षं मी बी हेच समजून राह्यले होते, की माझ्याच पायानं झालं."